विसरभोळ्यांचा माळा

एका उंच घाटाच्या पायथ्याशी एकदा एक वृद्ध गुरू राहत असत. घाटमाथ्यावर एक विद्यापीठ होते. त्याची कीर्ती इतकी की समुद्रापलीकडूनही विद्यार्थी तिथे येत, आणि त्याचे दार इतके अरुंद की बहुतेकांना आल्या पावली परत फिरावे लागे. माघी पौर्णिमेला ते दार उघडे, आठ दिवस परीक्षा चाले, आणि मग वर्षभरासाठी बंद होई. ज्याला घेतले तो बारा वर्षे आत. ज्याला घेतले नाही तो घाट उतरून पुन्हा पायथ्याशी.

पायथ्याच्या गावाचा या थोर विद्यापीठाशी संबंध दोनच गोष्टींपुरता होता, पाणी आणि काठी. लांबलांबचे विद्यार्थी काठी टेकत टेकत येत. पण घाटाची चढण पायथ्यापासूनच इतकी उभी होती की कातळात ठोकलेली साखळी दोन्ही हातांनी धरूनच वर जावे लागे. तिथे काठीची अडचण व्हायची. म्हणून प्रत्येक जण आपली काठी गुरूंच्या पडवीत ठेवून जाई, ओळखू यावी म्हणून तिच्यावर एखादी खूण कोरी, आणि उतरल्यावर ती घेऊन, पाणी पिऊन घरची वाट धरी. गुरूंना सगळे आबा म्हणत. काठ्या ठेवून घेणे आणि परत देणे हे काम आबा स्वतः करीत, दुसऱ्या कोणाला त्यात हात घालू देत नसत. शेवटी ज्या काठ्या उरत त्यांची मोळी बांधून ते माळ्यावर टाकीत. गावाने त्या जागेला नाव दिले होते, विसरभोळ्यांचा माळा. शिकलेली माणसे विसराळू असायचीच, असे गावाचे ठाम मत होते. मी स्वतः जन्मभर शिक्षक होतो, तेव्हा या मताविषयी मी जास्त काही बोलत नाही.

त्या गावात गुळाचा एक व्यापारी होता. मोठ्या मनाचा माणूस, सगळे त्याला शेठजी म्हणत. नाकारलेली मुले घाट उतरून येत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांकडे बघवत नसे. व्यापारी त्यांना ओट्यावर बसवी, हातावर गुळाचा खडा आणि मूठभर दाणे ठेवी आणि म्हणे, "वाईट वाटून घेऊ नकोस बाबा. तिथं कुणालाच घेत नाहीत. चाळीस वर्षं या ओट्यावर बसतोय, आत घेतलेला एक माणूस माझ्या डोळ्यांनी पाहिला नाही." ऐकणाऱ्याचा जीव थोडा निवे. व्यापारी खोटे बोलत नव्हता, त्याने खरोखरच तसा माणूस पाहिला नव्हता. पण दयेपोटी बोललेले हे वाक्य बोलून बोलून गावाचे ज्ञान होऊन बसले. दार सगळ्यांत जवळ असलेल्या त्या गावातून परीक्षेला आजवर एकही जण वर गेला नव्हता.

आबांकडे एक शिष्य होता. अकराव्या वर्षी आईने त्याला आणून आबांच्या हाती सोपवला होता, हा एक दिवस वर जाईल या आशेने. मुलगा हुशार होता, कष्टाळू होता, आणि थोडा जास्तच सावध होता. आबांकडे होते नव्हते ते सगळे तो सात वर्षांत शिकला. पण माघ जवळ आला की म्हणे, या वर्षी नको आबा, आधी नीट अंदाज घेऊ. मग तो पाण्याच्या रांजणापाशी बसे आणि उतरून येणाऱ्यांना विचारी, किती वर्षे अभ्यास केला, काय विचारले, कुठे चुकलात. ते सारे तो एका बाडात लिहून ठेवी. वर जाणाऱ्यांना मात्र विचारता येत नसे. ती मंडळी पाठ पुटपुटत येत आणि पाणीसुद्धा उभ्यानेच पीत.

तीन वर्षे अशी अंदाज घेण्यात गेली आणि चौथा माघ आला. विद्यापीठाचा नियम असा होता की एकविसावे वर्ष ओलांडलेल्याला दारापाशी उभेदेखील करायचे नाही. शिष्याला त्या वर्षी एकविसावे चालू होते. म्हणजे जायचे तर याच पौर्णिमेला, नाहीतर कधीच नाही.

आता आबांच्या गुडघ्यांविषयी सांगितले पाहिजे. ते फार दुखत. घरातल्या घरात आबा भिंत धरून चालत, आणि गाव त्यांची चेष्टा करी की माळ्यावर सहाशे काठ्या आणि आबांना टेकायला एक नाही. आबा सांगत, ती लोकांची ठेव आहे, तिला हात लावायचा नाही. मग स्वतःसाठी एखादी तोडून घ्या म्हटले, तर म्हणत, अजून इतकं वय झालेलं नाही. नदीवर आंघोळीला जाताना ते शिष्याच्या खांद्यावर हात ठेवीत. सुरुवातीला तो खांदा इतका खाली होता की आबांना वाकावे लागे. पुढे पोरगा त्यांच्याहून वीतभर उंच झाला आणि त्यांना हात वर करून खांदा गाठावा लागू लागला. तरी ती सवय दोघांनीही सोडली नव्हती.

पौर्णिमेला दहा दिवस उरले असताना शिष्य आपले बाड घेऊन आबांसमोर बसला. त्यात एकशे सोळा जणांची हकिगत होती. त्याने ती वाचून दाखवली. एकाला बारा ग्रंथ तोंडपाठ होते, नाकारला. एक जण अवघड गणिते बोटेही न मोजता सोडवत असे, नाकारला. एकाच्या घरात तीन पिढ्यांची विद्वत्ता होती, त्यालाही नाकारले. शेवटच्या पानावर शिष्याने बेरीज मांडली होती. एकशे सोळांपैकी घेतलेले, शून्य. तेव्हा आपली शक्यताही शून्य, असे त्याने शांतपणे सांगितले. तोच निष्कर्ष पुन्हा एकदा आबांच्या तोंडून ऐकायची त्याची इच्छा होती, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

आबांनी बाड हातात घेतले, डोळ्यांजवळ नेऊन एकेक पान उलटले आणि म्हणाले की अक्षर सुरेख आहे. मग त्यांनी शिष्याला एक काम सांगितले. माळ्यावरच्या सगळ्या काठ्या खाली काढायच्या, पुसायच्या, आणि प्रत्येकीला करडईचे तेल चोळायचे. पौर्णिमेच्या आधी हे झालेच पाहिजे.

शिष्याच्या मनाला ते लागले. आयुष्याचा प्रश्न घेऊन यावे आणि हातात तेलाची वाटी मिळावी, यात कोणालाही वाईट वाटेल. व्यापाऱ्याने पडवीत काठ्यांचा ढीग पाहिला आणि हळूच म्हणाला की आबांचे आता वय झाले, मनावर घेऊ नकोस. शिष्याने मनावर घेतले, पण काम टाळले नाही. माळ्यावर एकतीस मोळ्या होत्या, जुन्या धोतराच्या काठांनी बांधलेल्या, वर्षावर्षाच्या वेगळ्या. दोन दिवस त्याने रागारागाने तेल चोळले. तिसऱ्या दिवसापासून त्याचे लक्ष खुणांकडे जाऊ लागले. एका काठीच्या टोकाला चांदीची शेंबी बसवलेली होती. एक काठी बोरीची, वाकडी, तिला सुतळीने सांधलेले. एकीवर कुणी आपल्या गावाच्या नदीचे वळण कोरले होते. एकीच्या मुठीवर पोपट होता, एवढासा, पण त्याच्या पंखांतले पीसन्‌पीस मोजता येत होते.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी काम संपले. सावध माणूस असल्याने त्याने काठ्या मोजल्याच होत्या. पाचशे एकोणनव्वद. त्याने आबांना आकडा सांगितला आणि एवढी माणसे विसराळू कशी, याचे नवलही बोलून दाखवले.

आबांनी पोपटाची काठी मागून घेतली आणि त्या पोपटावरून अंगठा फिरवला. "हा कोरायला त्याला चार दिवस तरी लागले असतील," ते म्हणाले. "अशी काठी माणूस विसरतो होय?"

शिष्याने हातातली तेलाची वाटी खाली ठेवली.

"तू एकशे सोळा जणांना विचारलंस," आबा म्हणाले. "ते सगळे काठी न्यायला आलेले होते, बाळा. ज्यांना आत घेतलं ते काठी न्यायला येतच नाहीत. बारा वर्षांनी ते पूर्वेच्या दारानं पलीकडच्या मुलखात उतरतात. शेठजींच्या ओट्यावरून ते दिसायचे कसे? आणि रांजणापाशी बसून तुला भेटायचे कसे? त्यांची एवढी एक खूण आपल्या घरात होती, तिला आपण विसरभोळ्यांचा माळा म्हणत राहिलो."

शिष्याने त्या काठ्यांकडे पाहिले. तेल प्यायलेल्या त्या काठ्या उन्हात चमकत होत्या. मग त्याचे सावध डोके पुन्हा कामाला लागले. दरवर्षी साधारण तीनशे जण वर जातात, एकोणीसएक काठ्या उरतात, म्हणजे सोळांत एक. शून्य नव्हे. त्याला आनंद झाला, आणि लगेच नवी काळजी लागली. तो काठ्या निवडायला बसला. चांदीच्या शेंबीवाल्या एका बाजूला, वाकड्या दुसऱ्या बाजूला, सुबक कोरीव तिसऱ्या बाजूला. कुठल्या तऱ्हेच्या काठीवाल्याला आत घेतात ते त्याला शोधायचे होते. आबा हे बघून इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांनी सांगितले की यांतल्या दोन-चार काठ्या खरोखरच विसराळूंच्याही असतील, तेव्हा हिशेब फार ताणू नये. मग म्हणाले, सोळांत एक हा आकडा गर्दीचा झाला. तुझा आकडा या काठ्यांत नाही आणि बाडातही नाही, तो वर गेल्यावरच कळेल.

शिष्याने काठ्या खाली ठेवल्या. आता त्याच्या मनात एकच प्रश्न उरला होता, आणि तो विचारायला त्याची जीभ रेटत नव्हती. शेवटी त्याने विचारले.

"आबा, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं. मग तीन वर्षं बोलला का नाहीत?"

शहाण्या माणसालाही काही उत्तरे जड जातात.

"तुझं शून्य माझ्याही सोयीचं होतं म्हणून," ते म्हणाले. "तू यंदा नको म्हणालास की मला आतून बरं वाटायचं. आणखी एक वर्ष हा खांदा आपला. पहिल्या वर्षी मी स्वतःला सांगितलं, लहान आहे अजून. दुसऱ्या वर्षी सांगितलं, त्याचं त्यालाच उमगेल. तिसऱ्या वर्षी काही सांगायचंच बंद केलं. अंदाज चुकतो ना, तेव्हा बेरीज बहुतेक वेळा बरोबरच असते. तो अंदाज कुणाच्या सोयीचा आहे, हे बघायचं राहून जातं. शेठजींना तो पोरांची समजूत घालायला बरा पडला. तुला तो भीतीला बरा पडला. आणि मला गुडघ्यांना. यात सगळ्यांत मोठा दोष माझा, कारण मला कळत होतं. मला माफ कर."

शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने आबांचे पाय धरले आणि तोही खरे बोलला. वर जाणारे जास्त आणि उतरणारे कमी, हे त्याला दिसत होते. त्याने ते मुद्दामच मोजले नव्हते. नाकारले जाण्याची भीती होती हे खरे, पण आबांना सोडून जायचे नव्हते हे त्याहून खरे. आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मला विचाराल तर त्या विद्यापीठाच्या कुठल्याही वर्गात त्या दिवशी याहून चांगला पाठ झाला नसेल.

मग आबांनी डोळे पुसले आणि आपल्या नेहमीच्या स्वरात म्हणाले, "उद्या जाताना काठी ठेवून जा. नाहीतर मला कळणार कसं?"

शिष्याला हसू आले. पडवीपासून साखळीपर्यंत दोनशे पावले होती, त्याला काठी कशाला लागणार? पण आबांचा शब्द त्याने मानला. कोयता घेऊन तो रानात गेला, आणि दुपारभर परसात बसून काहीतरी तासत राहिला. आबांनी काठी बघायला मागितली तर म्हणाला, दुसऱ्यांच्या ठेवायच्या आधी बघत नाही, मग माझी कशाला बघता?

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पडवीत गर्दी उसळली. तीनशे काठ्या, तीनशे खुणा. त्या गडबडीत शिष्याने आपली काठी कधी कोपऱ्यात ठेवली ते आबांना दिसलेही नाही. त्यांना फक्त त्याची पाठ दिसली. साखळीला त्याचे दोन्ही हात गुंतले होते, त्यामुळे त्याला मागे वळून हात हलवता आला नाही. आबांनी मात्र तो दिसेनासा होईपर्यंत हात वर धरला होता.

आठ दिवसांनी पहिली मुले उतरली. आबा एकेकाला काठी देत, पाणी देत, आणि पुन्हा घाटाकडे बघत बसत. तो येऊ नये असे त्यांना मनापासून वाटे. आणि कुणी उंच मुलगा वळणावर दिसला की तोच असावा, असेही त्यांना तितक्याच मनापासून वाटे. नजर अधू झाल्यामुळे प्रत्येक उंच मुलगा जवळ येईपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागे. तो दुसराच कोणी निघाला की त्यांना हायसे वाटे, आणि थोडे वाईटही वाटे. असे पाच दिवस चालले.

सहाव्या दिवशी वाट रिकामी राहिली. संध्याकाळी व्यापारी पडवीत आला. त्याच्या हातात पानात बांधलेला गूळ होता. शिष्य उतरेल तेव्हा त्याला द्यायचा म्हणून त्याने तो कधीचा बाजूला काढून ठेवला होता. तो काळजीने म्हणाला, "आबा, तुमचा मुलगा काही उतरला नाही."

"नाही उतरला," आबा म्हणाले.

ते ज्या आवाजात म्हणाले, त्याने व्यापारी चपापला. त्याने घाटाकडे पाहिले, मग कोपऱ्यात उरलेल्या काठ्यांकडे पाहिले. आबांनी त्याला थोडक्यात सगळे सांगितले. चाळीस वर्षे जे वाक्य तो दिलासा म्हणून वाटत आला होता, ते तो मनातल्या मनात पुन्हा तपासत असावा. मग त्याने पान सोडले, गुळाचे दोन तुकडे केले, एक आबांच्या हातावर ठेवला आणि एक स्वतःच्या तोंडात टाकला.

व्यापारी गेल्यावर आबांनी उरलेल्या काठ्या जवळ ओढल्या. एकोणीस होत्या. अठरांवर परक्या खुणा होत्या. एकोणिसावीवर खूणच नव्हती. तासलेली, घासलेली, तेल प्यालेली साधी काठी, मूठ मात्र रुंद आणि गोल. आबांनी ती हातात घेतली आणि त्यांना प्रथम वाटले की पोराने घाईत माप चुकवले. त्याच्यासारख्या उंच माणसाला ती वीतभर तोकडी होती. ती कोपऱ्यात परत ठेवण्यासाठी ते भिंत धरून उठू लागले, पण भिंतीपर्यंत हात जाण्याआधी त्यांनी काठीच जमिनीवर टेकली. मूठ त्यांच्या तळव्यात बरोबर बसली. गुडघ्यांवर भार न येता ते उभे राहिले.

तेव्हा त्यांना कळले. दहा वर्षे ज्या हाताला खांदा दिला, त्या हाताचे माप पोराच्या अंगात मुरलेले होते. नाकारला गेला असता तर ती काठी त्याने आपल्या हाताने आबांना दिली असती. आत घेतला गेला, तर ती आबांपाशी राहणारच होती. शक्यता कितीही असो, काठी योग्य हातात पडावी एवढे त्याने पाहिले होते. आबा पडवीत उभ्या उभ्या रडले, आणि त्यांनी ते कुणापासून लपवले नाही.

अठरा काठ्यांची मोळी त्यांनी माळ्यावर चढवून घेतली. एकोणिसावी ही ठेव नव्हती, म्हणून ती खाली राहिली. दुसऱ्या दिवशी आबा एकटेच नदीवर निघालेले पाहून गावातल्या लोकांनी विचारले, शेवटी काठी घेतलीत म्हणायची. आबा म्हणाले, हो, आता वय झालं. पुढच्या माघात त्या गावातून पहिल्यांदाच तिघे जण साखळी धरून वर गेले, त्यांत व्यापाऱ्याचा नातू होता.

निकालाच्या दिवसांत माझ्याकडे अजूनही घरोघरची माणसे येतात आणि विचारतात, सर, आमच्या मुलाची शक्यता किती. मी आकडा सांगण्याआधी त्यांच्या घरात कोणाचे गुडघे दुखतात, ते विचारून घेतो.